गंगाधरनं गीताला कधी सांगावं?

रंकाळ्याचा कट्टा, गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि १९९८ पासून चाललेलं एक भांडण

लोक कोल्हापूरला कशाला जातात? अंबाबाईला, जोतिबाला, तांबडा-पांढरा ओरपायला, फार तर चपला घ्यायला. मी भांडायला जातो.

दचकू नका, जमीनजुमल्याची केस वगैरे नाही. आमचं भांडण टीव्हीवरचं आहे. विषय असा, की ‘शक्तिमान’मधल्या गंगाधरनं गीता विश्वासला आपलं खरं रूप सांगायला हवं होतं की नाही? सांगायचं तर कधी? मी आणि माझे दोन मित्र दुसरीत असताना हे सुरू झालं. आता आमच्यातल्या एकाची मुलगी दुसरीत आहे. निकाल अजून लागलेला नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी शुक्रवारी रात्री स्वारगेटला बस पकडायची, पहाटे तावडे हॉटेलला डोळे चोळत उतरायचं आणि रविवारी रात्री परत. आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराचा हाच फंडा. या वेळी मात्र मी गुरुवारी दुपारची गाडी घेतली. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. का, ते पुढे सांगतो.

पेठ, तालीम आणि पार्टी

आधी कोल्हापूरचा एक स्वभाव समजून घ्या. इथे माणूस कुठलीही गोष्ट नुसती बघत नाही, तो पार्टी धरतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की दुपारनंतर शहरात कुणाला काम सांगायची सोय नसते. वर्ल्ड कप तिकडे कुठल्या तरी देशात चाललेला असतो आणि इकडे चौकाचौकांत अर्जेंटिना-ब्राझीलचे पोस्टर लागलेले असतात. खासबागेत कुस्ती बघणारा प्रेक्षक तर पंचापेक्षा जास्त निर्णय देतो.

अशा गावात टीव्हीवर एक सुपरहीरो, त्याच्यावर भाळलेली एक पत्रकार आणि तिच्याच ऑफिसातला तोच सुपरहीरो चष्मा लावून, असं त्रांगडं आलं तर काय होणार? पार्ट्या पडणारच!

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. शक्तिमानही मुकेश खन्ना आणि ‘आज की आवाज’ या पेपरातला वेंधळा फोटोग्राफर गंगाधरही तेच. गीता विश्वास त्याच पेपरात बातमीदार, वैष्णवी महंतनं केलेली. तिचा जीव शक्तिमानवर. तो रोज तिच्या शेजारी बसून दात दाखवत हसतोय आणि तिला पत्ता नाही. (किंवा आहे. इथेच तर भांडण आहे.)

रविवारी दुपारी बाराला आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आठ-दहा पोरं जमायची. मालिका संपली की मॅच सुरू. माझं म्हणणं, सांगायलाच पाहिजे, नाहीतर ही फसवणूक झाली. माझा एक मित्र (याला आपण चप्पलवाला म्हणू, कारण आज तो चप्पल लाईनीतलं वडिलांचं दुकान चालवतो) म्हणायचा, ‘‘सांगिटलं की खेळ खलास. किल्विष पयला तिलाच उचलणार.’’ तिसरा मित्र दोन्ही बाजूंनी बोलायचा. तो आता वकील आहे!

एकदा आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत आमची ही वादावादी ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तिला माहितीय सगळं. ती फक्त त्याच्या सांगण्याची वाट बघतीय.’’

आम्ही पोरं खो खो हसलो. आईला काय कळतंय सायन्स फिक्शनमधलं!

ही सायन्स फिक्शन तरी आहे का?

हा आमचा उपवाद. दादाचं मत ठाम ‘नाही’. दादा म्हणजे चप्पलवाल्याचा थोरला भाऊ. आमच्यापेक्षा बराच मोठा, हायस्कूलात गणित शिकवतो. त्याचं म्हणणं, सात चक्रं आणि कुंडलिनी जागृत करून उडणारा माणूस ही पुराणाची लाईन झाली, विज्ञानाची नव्हे. त्याच्या मते खरी मालिका म्हणजे ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत १९६६ ते ६९ अशी तीनच सीझन चाललेली ही मालिका आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. दादानं ती शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, दारात उभं राहून बघितली. इंग्रजी फारसं समजायचं नाही. पण टोकदार कानांचा स्पॉक आणि कॅप्टन कर्क यांच्यात काहीतरी आहे, हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं.

ते ‘काहीतरी’ नक्की काय, यावर तिकडे काय काय झालंय ठाऊक आहे? मालिका बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. त्यांनी स्वतःच गोष्टी लिहायला घेतल्या, सायक्लोस्टाइल करून वाटल्या. १९७४ मध्ये अशाच एका हौशी अंकात कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाची पहिली गोष्ट छापून आली. दोघांच्या नावांमधल्या त्या तिरक्या रेघेवरून अशा गोष्टींना ‘स्लॅश’ हे नाव पडलं. पुढे नव्वदच्या दशकात ‘एक्स फाइल्स’च्या चाहत्यांत मल्डर आणि स्कलीचं जुळावं म्हणणारे आणि अजिबात जुळू नये म्हणणारे, असे उभे दोन तट पडले. जुळावं म्हणणाऱ्यांना ‘शिपर’ म्हणू लागले. आज तुमच्या ऑफिसातली फ्रेशर जे ‘मी यांना शिप करते’ म्हणते ना, ते तिथून आलं.

आम्ही मंगळवार पेठेत तेच करत होतो. फक्त त्याला नाव आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

मालिका तरी किती! १९९८ मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, मिलिंद सोमण अंतराळात. स्टार प्लसवर हिंदीत डब केलेलं ‘स्मॉल वंडर’ लागायचं. त्यातली विकी ही यंत्रमुलगी रात्री कपाटात उभी राहते, मग तिला घरातली मुलगी म्हणायचं की मिक्सरसारखी वस्तू? यावर वकिलानं आणि मी आठवडाभर अबोला धरला होता. पुढे २००३ मध्ये तीच कल्पना घेऊन ‘करिश्मा का करिश्मा’ आली, तेव्हा आम्ही सहावी-सातवीत. मिसरूड फुटू घातलेलं, तरी लपून बघायचो.

वाडा आहे, यान नाही

शुक्रवारी सकाळी चप्पलवाल्यानं गाडी काढली. ‘‘चल, तुला फिरवून आणतो. तोंड बघ कसं झालंय.’’

आधी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि कट मागाल तितका. मग गाडी शहराबाहेर वसगडे गावाकडे. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादाचा वाडा इथला. ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१ या काळात ही मालिका झी मराठीवर चालली आणि वाडा बघायला कुठून कुठून गाड्या भरून माणसं येत. राणा आणि पाठकबाईंचं कधी जमतंय, याची चर्चा एसटीत, पापड लाटताना, सगळीकडे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी खरोखरच लग्न केलं. चाहत्यांचा इतका कडक विजय क्वचित होतो.

‘‘ह्यांचं बरंय,’’ चप्पलवाला म्हणाला. ‘‘वाडा बघायला येता येतं. आपण कुठं जायचं? किल्विषच्या गुहेत?’’

मुद्दा बरोबर होता. कौटुंबिक मालिकेच्या चाहत्याला निदान एक दार असतं, ज्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो. अंतराळातल्या मालिकेच्या चाहत्यानं कुठे जावं?

पण परतीच्या वाटेवर आम्ही एक खेळ केला. कोल्हापुरात आपल्या कामाच्या जागा किती? पहिली, खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. १९२९ मध्ये ‘प्रभात’ सुरू झाली तीही इथेच, पुण्याला नंतर गेली. म्हणजे पडद्यावरच्या खोट्या माणसांवर खरा जीव लावायची सवय या गावाला शंभर वर्षांची आहे.

दुसरी जागा, शिवाजी विद्यापीठ. तिथल्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार आहे, १९९९ पासून. ते जमिनीपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. आम्ही पोरं गच्चीवर टॉवेल गळ्यात बांधून गोल गोल फिरत होतो, तेव्हा चार-पाच किलोमीटरवर कुणीतरी शांतपणे शक्तिमानच्या हद्दीतला वारा मोजत होतं! हे मला गेल्या वर्षी कळलं. लहानपणी कळलं असतं तर रोज विद्यापीठाच्या गेटावर ठिय्या दिला असता.

आणि तिसरी जागा म्हणजे एक माणूस. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. आजोळ इथलं, हुजूरबाजारांचं. लहानपण बनारसला, मग केंब्रिज, मुंबई, पुणे. पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. बक्षीस मिळालं. साल १९७४, म्हणजे तिकडे कर्क-स्पॉकची गोष्ट छापून आली तेच. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा दादानं वर्गात अर्धा तास गणित बाजूला ठेवून ‘कृष्णविवर’ ही त्यांची पहिली कथा पोरांना सांगितली.

‘‘बघ,’’ चप्पलवाला म्हणाला, ‘‘एवढा मोठा माणूस. त्येनंबी खरं नाव लगेच न्हाई सांगिटलं.’’

‘‘नंतर सांगितलं ना पण,’’ मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. सिग्नल सुटला तरी.

आत्या आणि ‘डार्क’

दुपारी जेवायला आत्याकडे. आत्याचा पोरगा बी.कॉम.ला आहे. त्याच्या पिढीची भांडणं वेगळी. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या माइकनं इलेव्हनबरोबर राहावं की विलचं प्रेम ओळखावं, यावरून त्याच्या ग्रुपमधल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पण खरी मजा पुढे. तो आत्याला ‘डार्क’ समजावत होता. (बघितली नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.) जर्मन मालिका, २०१७ ते २०२० मध्ये तीन सीझन झाली, काळात मागेपुढे जाणाऱ्या चार घराण्यांची. भल्याभल्यांना तिच्यातली नाती कळत नाहीत. आत्यानं चष्मा लावला, एक लग्नपत्रिका पालथी केली आणि पेन मागितलं. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं तिनं जमवली आहेत. कोण कुणाचा मावसभाऊ, कुणाची सोयरीक कुठे मोडली, सगळं तोंडपाठ.

‘‘ही शार्लट. तिची लेक एलिझाबेथ. बरं. आणि शार्लटची आई कोण?’’

‘‘एलिझाबेथ.’’

‘‘कुठली एलिझाबेथ?’’

‘‘तीच.’’

आत्या अर्धा मिनिट पत्रिकेकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे ही बया स्वतःचीच आजी! सोयरीक करायच्या आधी कुणी चौकशी केली न्हाई का ह्यांच्यात?’’

हसून हसून पोट दुखलं. पण पुढे ती जे बोलली ते डोक्यात राहिलं. ‘‘मला त्या पोरीचं वाईट वाटतंय. सगळ्यांना सगळं ठाऊक आणि घरातलं कुणी तिला सांगत न्हाई.’’

म्हणजे बघा. यान असो, काळाची गुहा असो, नाहीतर यंत्रमुलगी असो. चाहते भांडतात त्या गोष्टी तपासून बघा. विजेरी तलवारीच्या तांत्रिक बाजूवर फार तर दहा मिनिटं जातात. रात्र जाते ती कुणी कुणाला काय सांगितलं नाही, यावर.

दूध कट्ट्यावर

संध्याकाळी रंकाळा. सूर्य शालिनी पॅलेसच्या मागे कलायला लागला की तलावाच्या काठानं अख्खं शहर येऊन बसतं. भेळेच्या गाड्या, फुगेवाले, चालायला आलेले काका, हळू आवाजात बोलणारी जोडपी. आम्ही आमच्या नेहमीच्या जागी. दादाही आला, वकीलही. अंधार पडल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. इथे समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. पुण्यातल्या कॉफी शॉपमध्ये जेवढ्याला एक कप येतो, तेवढ्यात इथे चौघांचं भागतं.

भांडण आपोआप सुरू झालं. दादानं स्पॉक काढला. ‘‘त्याची आई माणूस, बाप व्हल्कनचा. तिकडचे म्हणतात तू आमचा नव्हेस, इकडचे म्हणतात तू वेगळाच. तो कर्कबरोबर का राहतो? कारण कर्क त्याला बदल म्हणत नाही.’’ वकिलानं लॉकडाउनची आठवण काढली. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतली होती. चार गावांत अडकलेले आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर एकत्र बघायचो. त्या दिवसांत त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. तेव्हाही तो फक्त किल्विषबद्दलच बोलला होता.

मग चप्पलवाला म्हणाला, ‘‘मी माझी पार्टी बदलली. गंगाधरनं सांगायला पायजे.’’

आम्ही तिघं गार! एवढी वर्षं हा एका जागी पाय रोवून उभा होता.

‘‘कारण काय?’’ वकील.

‘‘कारण काय न्हाई. चष्मा लावून वेंधळ्यागत हसायचं, सगळं मस्त चाललंय म्हणून सांगायचं... दमत असंल की रं तो.’’ हे तो माझ्याकडे न बघता बोलला. ग्लासातला फेस बोटानं पुसत.

मी काहीच बोललो नाही. मग म्हणालो, ‘‘गंगाधरची नोकरी गेली असली तर? मग काय सांगणार तो?’’

तीन आठवडे झाले होते. एचआरचा पंधरा मिनिटांचा कॉल, लॅपटॉप परत, बस्स. अकरा वर्षांची नोकरी. घरी रोज रात्री फोन करून मी ‘आज जाम काम होतं’ म्हणत होतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रूमबाहेर पडत होतो, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून.

कुणी ‘अरेरे’ केलं नाही. कुणी ‘होईल रे’सुद्धा म्हटलं नाही. वकिलानं विचारलं, ‘‘गंगाधरला हातात किती महिन्यांचा पगार दिला त्या पेपरनं?’’ मी म्हणालो, तीन. दादा म्हणाला, ‘‘मग गंगाधरकडे वेळ आहे.’’ आणि चप्पलवाल्यानं विचारलं, ‘‘गीताला कधी सांगायचं त्येनं?’’

‘‘तूच सांग.’’

‘‘आज. जेवायच्या आधी. जेवल्यावर झोपशील.’’

आम्ही पुन्हा दूध सांगितलं. नोकरीबद्दल त्या रात्री एवढंच बोलणं झालं. तेही सगळं गंगाधरच्या नावानं.

घरी

पप्पा बातम्या बघत होते. आई स्वयंपाकघरात गवार निवडत बसली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा मोडल्या.

‘‘आई, नोकरी गेली.’’

तिनं हातातली शेंग मोडली. शीर काढली. म्हणाली, ‘‘गुरुवारी दुपारच्या गाडीनं आलास, तेव्हाच कळलं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘म्हटलं, सांगेल.’’

तिला तो कपड्यांच्या घड्यांचा रविवार आठवत असेल असं वाटत नाही. मी विचारलंही नाही. तिनं ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे उरलेली गवार माझी. मग बाहेरच्या खोलीकडे मान करून विचारलं, ‘‘त्यांना मी सांगू, का तू सांगतोस?’’

‘‘मीच सांगतो.’’

पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. किती वेळ बोललो, ते इथे लिहीत नाही. जेवायला मात्र उशीर झाला.

तुम्हाला जायचं असेल तर

पुण्याहून साधारण २३० किलोमीटर, बस किंवा रेल्वे. मिसळ सकाळीच खा, दुपारी कट संपतो. खरी कॉर्नरचा कॅमेरा चालत बघता येतो. रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, जागा मिळते. गंगावेशीतलं दूध संध्याकाळी, गरम असतानाच. राणादाच्या वाड्याकडे गेलात तर एवढं लक्षात ठेवा की ते लोकांचं राहतं गाव आहे. आवाज आणि कचरा दोन्ही सोबत परत आणा.

आणि एखादा जुना मित्र बरोबर घ्या, ज्याच्याशी एखाद्या मालिकेवरून तुमचं कधीचं पटलेलं नाही. विषय तो काढेल. तुम्ही फक्त परतीचं तिकीट लगेच काढू नका.